सरपंचाच्या पाठीचा तडा

कासवाला अंघोळ घालताना काथ्यानं घासू नये, हे मला कोणीही सांगितलेलं नव्हतं.

बाकी सगळं सांगितलं होतं. वन्सं, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, हिंगोलीहून कासव घेऊन आल्या तेव्हा चहा गार होईपर्यंत सूचनाच देत होत्या. काकडी बारीक चिरून घाल. मेथी दे, पण देठं काढून. सकाळचं ऊन दाखव, दुपारचं दाखवू नको. चिडून बोलू नको, त्याला कळतं. (एवढी काळजी त्यांनी स्वतःच्या भावाची, म्हणजे आमच्या ह्यांची, जन्मात केली नाही!) त्यांच्या घराचं काम निघालं होतं, अंगणातला हौद फोडायचा होता. म्हणून महिनाभर कासव आमच्या गावी मुक्कामाला. गाव कुरुंद्याकडचं. चारी बाजूंनी हळद.

कासवाचं नाव होतं सरपंच. हे नाव भावजींनी, म्हणजे वन्संच्या मालकांनी ठेवलेलं. भावजी पंचायतीच्या कचेरीतून रिटायर झालेले. ते म्हणायचे, "हळू चालतं, खाऊन-पिऊन सुखी हाय, अन् काही इचारलं की डोकं आत घेतं. दुसरं काय नाव ठेवावं?"

आता हे कासव म्हणजे नुसतं कासव नव्हतं. तो आमच्या दोन घरांतला तह होता! पुतणीच्या लग्नात मी वन्संना जी साडी नेसवली, तिचा रंग पहिल्याच धुण्यात गेला. नुसता गेला असता तरी चाललं असतं, तो भावजींच्या पांढऱ्या सदऱ्यावर गेला! त्यानंतर कित्येक वर्षं वन्सं आमच्या उंबऱ्याला शिवल्या नव्हत्या. राखीसुद्धा पोस्टानं यायची. यंदा कुठं येणं-जाणं सुरू झालं, आणि आपलं सगळ्यात लाडकं लेकरू (हा त्यांचाच शब्द) त्यांनी विश्वासानं माझ्या ओटीत घातलं. हे हळद शिजवायला मळ्यात निघाले की रोज बजावायचे, "सुमन, त्या कासवाला काही झालं, तर आक्का जलमभर माह्या तोंडाकडं बघायची न्हाई."

मी म्हणायची, "माह्या हातात दिलंय ना? मग बेफिकीर ऱ्हावा."

कारण माझ्या हाताला गुण आहे. गावात कुणाचा कान ठणको, कुणाची म्हैस दूध चोरो, माझ्याकडं उपाय असतोच. (लागू पडतो की नाही, हा वेगळा प्रश्न. असतो, एवढंच मी म्हणते.)

तर त्या दिवशी सकाळी ऊन दाखवताना मी सरपंचाकडं नीट पाहिलं आणि मला लाज वाटली. पाठीवर शेवाळाचा हा जाड थर! विहिरीच्या पायरीवर बसतो तसा. माझ्या घरात स्टीलच्या डब्यात तोंड दिसतं, आणि पाहुणा असा हिरवागार? उद्या वन्सं आल्या तर म्हणतील, सुमननं महिनाभर लेकराला पाणीही लावलं नाही. मी पदर खोचला. चिंच भिजवली, काथ्या घेतला आणि देवाचा तांब्या घासावा तसा सरपंच घासायला बसले.

काय सांगू, अर्ध्या तासात पाठ अशी लखलखली! एकेक चौकट वेगळी दिसायला लागली. मी मागचा कोपरा घासला, वरून तांब्याभर पाणी ओतलं आणि माझ्या हातातला काथ्या गळून पडला.

पाठीला तडा!

मागच्या बाजूला, करंगळीएवढा लांब, आणि टोकाला एक खाचही. सकाळी नव्हता. म्हणजे, सकाळी दिसला नव्हता, आणि मला न दिसलेली गोष्ट नसतेच, अशी माझी तोवर समजूत होती. माझ्याच हाताचा जोर! लहानपणापासून सगळे म्हणतात, सुमनच्या हाताला लई जोर आहे. परातीला पोचे पाडून पाडून मी कासवाला पोचा पाडला होता!

पण मी घाबरणारी बाई नाही. आधी हळद लावली. आमच्या गावात हळदीला काय तोटा? मूठभर कालवली, तड्यात भरली. उरली ती टाकून कशाला द्यायची, म्हणून सगळ्या पाठीला लावली. सरपंच आता लग्नाच्या हळदीला बसवल्यासारखा दिसायला लागला. पण हळद काही तडा बुजवेना, ओघळून खाली येत होती. मग मला आठवलं, ह्यांनी पाण्याच्या टाकीची गळती बंद करायला तो मसाला आणला होता. दोन वड्या एकत्र मळायच्या आणि चिकटवायचा. टाकी कधीची ठणठणीत आहे. टाकीत पाणी असतं, कासवही पाण्यात असतं. हिशोब बराबर!

मी मसाला मळला, तड्यात आणि खाचेत दाबून बसवला, ओल्या बोटानं गुळगुळीत केला. राखाडी ठिगळ दिसू नये म्हणून वरून पुन्हा हळद. खरं सांगते, गवंड्यानंसुद्धा तोंडात बोट घातलं असतं!

मी त्याला टोपलीत ठेवलं आणि कौतुकानं पाहिलं. सरपंचानं मात्र डोकं आत घेतलं होतं. पायही आत. शेपूटही आत. काकडी दाखवली, नाही. मेथी दाखवली (देठं काढून!), नाही. टकटक केली, तरी आतून उत्तर नाही.

आता मात्र मला डॉक्टर आठवले. कुरुंद्याला जनावरांचे डॉक्टर होते, त्यांचा नंबर म्हशीच्या वेळचा माझ्याकडं होता. मी अंगणात आले, कारण आमच्या घरात फोनला रेंज अंगणातच येते, आणि आमचं अंगण व गोदाकाकूचं अंगण यांच्यात फक्त कमरेएवढी भिंत आहे. गोदाकाकू म्हणजे शेजारीण. पापड वाळत घालत होती. ती दिवसभर काही ना काही भिंतीजवळच वाळत घालते.

"डॉक्टरसाहेब, लौकर या हो! सरपंचाच्या पाठीला तडा गेलाय!"

"अरे बापरे! कसा काय?"

"म्या घासत होते."



"तुम्ही... सरपंचाची पाठ घासत होतात?"

"व्हय, चिंच लावून. जोर जरा जास्त झाला. आता डोळे न्हाई उघडून राहिला, काही खाऊन न्हाई राहिला."

"अहो बाई, मग मोठ्या दवाखान्यात न्या! मी जनावरांचा डॉक्टर आहे."

"मग जनावरासाठीच तर बोलवून राहिले! सरपंच काय माणूस हाय का?"

"बाई," डॉक्टर कडक आवाजात म्हणाले, "तुमचं गावातलं राजकारण गावातच ठेवा!" आणि फोन ठेवून दिला.

मी वळून पाहिलं. भिंतीवर पापड होते. गोदाकाकू नव्हती.

त्यानंतर कढीला उकळी यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात दारात सरपंचीणबाई उभ्या! म्हणजे आमच्या गावच्या खऱ्या, दोन पायांच्या सरपंचांच्या मंडळी. श्वास फुललेला, चप्पल एकाच पायात.

"सुमनबाई! माह्या मालकाची पाठ तुमी काहून घासत होत्या?"

माझं डोकं टोपलीतल्या सरपंचात होतं. 'मालकाची' हा शब्द मला ऐकूच आला नाही. पाठ ऐकू आलं, घासत ऐकू आलं. मी म्हटलं, "काहून म्हणजे? शेवाळ चढलं होतं पाठीवर! माह्या घरी राहायला आलेला, असं मळकं ठेवू का?"

"राहायला आलेला?" त्यांनी दाराची चौकट धरली. "कवापासून?"

"झाले की बरेच दिवस. अजूनबी राहायचाय. लई गरीब हो, काही तकलीफ देत न्हाई. सकाळी उन्हात बसतो, मेथी खातो, दुपारी पलंगाखाली झोपतो."

"मेथी खातो?" त्या बाई खालीच बसल्या. "घरात मेथी केली की ताट सरकवतो मेला! अन् इथं येऊन मेथी खातो!"

"नुसती खात न्हाई, माह्या हातानं खातो!"

आता त्यांनी गळा काढला. मी पाणी आणलं. म्हटलं, या बाईचा जीव केवढा मऊ, कासवासाठी रडतेय! "रडू नका," मी म्हणाले, "म्या मसाला भरलाय. संध्याकाळपर्यंत टणक होतो." आणि टोपली त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी टोपलीत पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, परत टोपलीत पाहिलं.

"हे काय?"

"सरपंच!"

आधी त्या हसल्या. मग अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. आणि मग एकदम थांबून म्हणाल्या, "म्हणजे माह्या मालकाचं नाव तुमी कासवाला ठिवलं?" त्याचं उत्तर मी देणार, तेवढ्यात त्यांचा फोन टिणटिणला. लगोलग माझाही.

गावच्या ग्रुपवर निरोप पडला होता: "सुमनकाकूच्या घरी सरपंचांच्या पाठीला तडा. प्रकृती गंभीर." पाठोपाठ हात जोडलेली चित्रं, फुलं, लवकर बरे व्हा. एकानं विचारलं, रक्त लागेल का? दुसऱ्यानं विचारलं, सुमनकाकूच्या घरी कसे काय? त्यावर तिसऱ्यानं नुसताच हसरा चेहरा टाकला होता!

"लिव्हा आदी, खरं काय ते लिव्हा!" सरपंचीणबाई ओरडल्या.

मी चष्मा लावला आणि शांतपणे, कुणाचाही गैरसमज राहू नये असं लिहिलं: "घाबरू नये. सरपंच माझ्यासमोर टोपलीत आहेत. डोकं आत गेलं आहे. हालचाल नाही. मी मसाला लावला आहे."

आता यात न कळण्यासारखं काय होतं, ते मला आजही समजलेलं नाही. पण त्यानंतर ग्रुप एकदम चिडीचूप झाला, आणि मग पहिली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आली. ती विरोधी पार्टीच्या पुढाऱ्याची होती. फोटोसकट! एवढ्या तातडीनं फोटो मिळाला म्हणजे तो आधीच काढून ठेवलेला असणार, असं सरपंचीणबाईंचं मत पडलं. मग रांगच लागली. दुपार व्हायच्या आत बॅनरवाल्याचा फोन, "काकू, शेवटच्या क्षणी तुमी जवळ होत्या म्हणं. नाव कोणतं टाकू, सुमनबाई की सुमनताई?"

हळद शिजवायची सोडून हे मळ्यातून धावत आले. अंगभर वाफेचा घाम, धोतर हळदीनं पिवळं. आल्या आल्या टोपली पाहिली आणि मटकन ओट्यावर बसले. बोलले काहीच नाहीत. आमचे हे तसे कमीच बोलतात. (मी असल्यावर वेगळं बोलायला उरतं काय?)

त्यांच्या मागोमाग गलका आला. वसमतला बाजारसमितीत गेलेले खरे सरपंच स्वतःच्या मोटारसायकलवरून आले, आणि त्यांच्यामागं निम्मं गाव, ते चालतात का हे बघायला.

"वैनी," सरपंच हात जोडून म्हणाले, "मला वसमतला चौघांनी अंगाला हात लावून पाह्यलं. एकजण तर पाया पडला. मी मेलो कसा, एवढं तरी मला सांगा."

मी टोपली दाखवली. सरपंच मोठ्या मनाचा माणूस. वाकून बघत राहिले, नावाचं कळलं तरी नुसते मिशीत हसले. पण मग हळूच म्हणाले, "ते ठीक हाय. पर फोटो लई जुना लावला हो त्यांनी. केस काळे हायत त्यात."

एवढ्यात दारात जीप थांबली, आणि तिच्यातून रडण्याचा आवाज आधी उतरला. माणूस मागून. वन्सं!

वन्सं माहेरवाशीण म्हणून गावच्या ग्रुपवर होत्या, हे मी साफ विसरले होते. अख्ख्या ग्रुपमध्ये तो निरोप बराबर समजलेली ती एकटीच बाई! "सुमनकाकूच्या घरी सरपंचांच्या पाठीला तडा" वाचलं आणि त्यांनी जीप केली. अर्ध्या वाटेत श्रद्धांजली पोचली, डोळ्यांतल्या पाण्यात फोटो कुणाचा ते दिसलंच नाही. तिथून इथपर्यंत त्या रडतच आल्या होत्या.

"कुठंय माहं लेकरू? सरपंचा! बोल की रे!"

"आं?" खरे सरपंच सवयीनं म्हणाले.

वन्संनी त्यांना बाजूला सारलं आणि टोपलीवर झडप घातली. पुढं काय होणार याची मी तयारी केली होती. शिव्या, शाप, पुन्हा पोस्टानं राखी.  पण वन्संनी कासव उचललं, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, पोटाकडून पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं.

"हे कोणाचं कासव?"

"कोणाचं म्हणजे? तुमचं!"

"आमचं हिरवं होतं. हे पिवळं हाय."

"ती हळद!"

"सुमन, मला फसवू नको. माहं लेकरू मारलंस अन् बाजारातून दुसरं आणून ठिवलंस!"

"देवाशपथ वन्सं, हेच ते!"

"मग तडा कुठंय?" वन्सं कडाडल्या. "आमच्या सरपंचाच्या पाठीला मागं तडा हाय. बारीक असताना गच्चीवरून धुण्याच्या दगडावर पडलं होतं. मागचा टवकाच उडाला होता. तवापासून खूण हाय ती. ह्याची पाठ बघ, कशी सपाट! दाखव तडा!"

अख्खं अंगण माझ्याकडं बघायला लागलं, भिंतीवरचे पापडसुद्धा!

मला आधी आनंद झाला. तडा जुना! म्हणजे माझ्या हातानं गेलेला नाही! मी उडीच मारणार होते. मग ध्यानात आलं, की तडा मी पाडला नाही हे सिद्ध करायला तडा दाखवायला हवा, आणि तो मी बुजवलाय! तोही असा, की जन्मात कुणाला सापडू नये! आयुष्यभर मी ठिगळं लावली, एकही धड बसलं नाही. आणि जे बसू नये ते नेमकं बसलं!

"तडा हाय वन्सं! आत हाय! म्याच बुजवला!"

"तडा असता तर बुजवलाच कशाला असता?"

"गेला म्हणून!"

"पर तो तर जुनाच हाय!"

"ते मला काय ठावं! तुमी मेथीच्या देठांचं सांगितलं, पाठीला तडा हाय हे सांगाया काय झालं होतं?"

"आपल्या लेकराच्या गालावरचा तीळ कोणी सांगत फिरतं का?" वन्सं म्हणाल्या, आणि कासव छातीशी धरावं की खाली ठेवावं, हे त्यांना कळेना. आपलं असलं तर जिवंत हवं, परकं असलं तर आपलं मेलेलं. बिचाऱ्यांचा पदर एकदा डोळ्यांकडं जायचा, एकदा कासवाकडं. खरं सांगते, त्या घटकेला मलाही रडू फुटलं. ही बाई आता जी जाईल ती जाईलच, असं वाटलं.

शेवटी खऱ्या सरपंचांनीच डॉक्टरांना फोन लावला. "मी सरपंच बोलून राहिलो. माही पाठ ठीक हाय. कासवाची बघायची हाय. व्हय, जिवंत. मी जिवंत, कासवाचं तुमी येऊन सांगा."

डॉक्टर आले. सरपंचांनी सरपंचाला दोन्ही हातांत घट्ट धरलं, गावानं गोल धरला. डॉक्टरांनी ओल्या कापसानं हळद पुसली, एक बारीक चपटी पट्टी काढली आणि कडेकडेनं मसाला उचकटायला लागले. वन्सं श्वास धरून, मी देव धरून. मसाला अजून पुरता वाळला नव्हता (संध्याकाळपर्यंत टणक होतो, हे मी म्हटलंच होतं!). सावकाश, अख्खा तुकडा निघाला, आणि खाली लख्ख तडा!

"हाच! हाच तो! माहं लेकरू!" वन्संनी टाहो फोडला. एखाद्याच्या घरचा तडा सापडला म्हणून आख्ख्या गावानं टाळ्या वाजवलेल्या मी तरी पहिल्यांदाच पाहिल्या.

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर घेतला. "हा तडा कैक वर्षांचा आहे. बघा, कडा गुळगुळीत झाल्यात. आत हाड भरून आलंय. ताजा असता तर कडा धारदार असत्या, ओल असती. याला काही करायची गरजच नव्हती. काकू, तुम्ही तडा पाडला नाही, तुम्ही तो उघडा पाडला."

"मग ते डोकं काहून आत घेऊन बसलंय?" वन्संनी विचारलं.

"बाई, तुम्हाला कुणी चिंच लावून घासलं, हळद लावली, वरून टाकीचा मसाला थापला, तर तुम्ही डोकं बाहेर ठेवाल का?"

त्यांनी पाठ स्वच्छ केली आणि कासव घमेल्यातल्या पाण्यात सोडलं. सगळे वाकले. बराच वेळ काहीच नाही. मग आधी एक पाय आला, मग नाकाचं टोक, आणि मग सरपंचानं डोकं बाहेर काढून सगळ्या गावाकडं असं पाहिलं, की दोन-चार जणांनी नकळत रामराम केला.

वन्सं माझ्या गळ्यात पडल्या. रुसवा नाही, फुगवा नाही. म्हणाल्या, "सुमन, कशी का असंना, माह्या लेकरासाठी तू जिवाचं रान केलंस." त्या दिवशी त्या जेवायला थांबल्या. वाढताना माझ्या हातून आमटी त्यांच्या साडीवर सांडली, तरी काही बोलल्या नाहीत. सरपंच आणि सरपंचीणबाईही जेवले. मेथीची भाजी सरपंचांनी मुकाट दोनदा मागून घेतली, कारण मंडळी समोर बसली होती!

निघताना डॉक्टर उंबऱ्यात थांबले. वन्संनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, औषध काय द्यायचं?"

"औषध काही नाही. स्वच्छ पाणी, सकाळचं कोवळं ऊन, आणि सुमनकाकूंपासून लांब ठेवा. बघा कसं शंभर वर्षं जगतं!"

मळ्यातून आल्यापासून एक शब्द न बोललेले आमचे हे ओट्यावरून एकदम उठून उभे राहिले.

"डॉक्टर," हे मोठ्या आशेनं म्हणाले, "हे माणसालाबी लागू पडतं का हो?"